मधल्या पातीवरचा कोरिया

घरी, लाईट नाही

द्रौपदा : ...आन् मग खुरपताना म्हणती कशी, अक्का, तुम्ही जरा कडेला सरकता का, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. मला म्हणती. मी सरकायचं.

हनुमंत : कोण म्हणाली?

द्रौपदा : मग इतका येळ कुणाचं सांगतीय मी? प्रज्ञी. तुमच्या धाकट्या भावाची बायको.

हनुमंत : मग सरकलीस?

द्रौपदा : सरकले. बायकाच म्हणाय लागल्या, सरका, सरका. ठमाबाईनं तर माझं खुरपं उचलून बाजूला ठेवलं. माझं खुरपं.

हनुमंत : भुईमूग मधल्या पातीत तेवढाच, कडंच्या पातीत तेवढाच. गवतबी तेच.

द्रौपदा : तुमाला नाय कळायचं. मधली पात गोष्ट सांगणारीची असती. दोन्ही अंगाच्या बायका हात लांबवून तिचं गवत काढत्यात, मंजी ती मागं पडत नाय आन् तोंड थांबत नाय. लगीन होऊन निरगुडसरला आले तवापास्नं मधल्या पातीवर मी.

हनुमंत : तवा तू जत्रंतल्या पिक्चरच्या ष्टोऱ्या सांगायचीस.

द्रौपदा : आन् ही कोरियाची शिरेल पातीवर कुणी आणली? पयल्या दिवशी समद्या हसत व्हत्या. समद्यांची तोंडं सारखी, कोण कुणाची कळत नाय म्हणत व्हत्या. मी एकेकीची वळख करून दिली. उंच अंबाडा ती राणी. मानंवर अंबाडा ती मोठी रंगारीण. आन् राजाच्या घरची कापडं रंगवायला आणलेली बिनआईची पोर, ती सोनी.

हनुमंत : तिचं नाव सोनी नाय. सन का कायतरी म्हणत्यात हिंदीत.

द्रौपदा : पातीवर सोनीच हाय. त्यांच्या देवळात भगवान बुद्ध बसल्याले दिसले, तवा मी टीव्हीसमोर डोक्यावर पदर घेतला. म्हणलं, अगं, ही तर आपलीच माणसं, लांबच्या गावची. तवा प्रज्ञी काय म्हणाली? ह्यांच्या जाळीच्या टोप्या बघूनच हसू येतं म्हणाली. आता तीच सांगतीय.

हनुमंत : तिच्याकडं लाईट असती, ती सांगती.

द्रौपदा : हां. गावठाणाची लाईट नेमकी शिरेलीच्या टायमाला जाती आन् मळ्याची तवाच येती.

हनुमंत : लोडशेडिंग काय तुझी जाऊ करती व्हय? मळ्याला मोटरीसाठी देत्यात.

द्रौपदा : सोनी बारकी व्हती तवर मी बघितली. आता मोठी झाली म्हणं. दुसरी नटी आली. तिचं तोंडसुदिक मी बघितलेलं नाय. डोळे कसे, चालती कशी, हसली की खाली बघती ती कशी, समदं प्रज्ञीच्या तोंडून.

हनुमंत : मंजी कडंला बसून ऐकतीस.

द्रौपदा : ऐकत नाय. कानावर येतं.

हनुमंत : मग मळ्यात जाऊन बघ की. बांध ओलांडला की सयाजीचं घर.

द्रौपदा : वेगळे निघाले तवापास्नं तिनं एकदा तरी या म्हणलं का? मी थोरली. बोलावल्याबिगर जाऊ?

हनुमंत : ती म्हणत आसंल, थोरलीला काय बोलवायचं, तिचंच घर हाय.

द्रौपदा : तुमी तिची वकिली करू नका. चिमणी कुठं ठेवली ते सांगा.


घरी, दुसऱ्या दिवशी, लाईट नाहीच

हनुमंत : आज लई खुशीत?

द्रौपदा : मधल्या पातीवर व्हते.

हनुमंत : आन् प्रज्ञा?

द्रौपदा : सकाळी मंचरला गेली व्हती, दुपारचं आली. तवर बायका नुसत्या चुळबुळत्यात. ठमाबाई म्हणाली, काल सोनीचं काय झालं कुणाला म्हाईत हाय का. मी म्हणलं, मला.

हनुमंत : तुला? काल तर आपण चिमणीच्या उजेडात जेवलो.

द्रौपदा : मी म्हणलं, काल मी मळ्यात गेले व्हते. प्रज्ञीच्या घरी बसून बघितली.

हनुमंत : आन् त्यांनी मानलं?

द्रौपदा : का नाय मानायचं? आपल्या जावंच्या घरी मी जाऊ नये का?

हनुमंत : मग सांगितलं काय? बघितलं तर नाय.

द्रौपदा : न बघताच सांगितलं. ऐका तर. राणीला पोरगा झाला. आता पाळण्यातलं कापड रंगवायचं. वरून हळदीवाणी पिवळं, आतून डाळिंबी. राजा म्हणाला, हे कापड सोनीच रंगवील. सोनी दिवसभर कढईपाशी. कोपरापतुर हात पिवळे. भूक नाय, तहान नाय. तुमाला सांगते, खुरपी थांबली. शेताचा मालक जानकूभाऊ बांधावरनं वरडला, आवरा की बायांनो, तरी कुणी मान वर केली नाय. माझ्या टायमाला असं कधी झालं नव्हतं.

हनुमंत : मग पुढं?

द्रौपदा : मग मोठी रंगारीण उठली. राजापुढं गुडघं टेकलं. आन् म्हणाली...

हनुमंत : काय म्हणाली?

द्रौपदा : भाकर गरम हाय तवर खाऊन घ्या.

हनुमंत : काय म्हणाली ती?

द्रौपदा : म्हणाली, महाराज, जिची कूस उजवली नाय तिच्या हातचं कापड राजाच्या पोराखाली घालू नका. रंग धरायचा नाय.

(हनुमंत भाकरीला हात लावत नाही.)

हनुमंत : पातीवर कोण कोण व्हतं?

द्रौपदा : समद्याच.

हनुमंत : समद्यांना कळलं आसंल, कुणाला लागतं ते.

द्रौपदा : कोरियातली गोष्ट हाय. त्यात काय कळायचं?

हनुमंत : ती मंचरला कशाला गेली व्हती, म्हाईत हाय?

द्रौपदा : बाजाराला गेली आसंल.

हनुमंत : डॉक्टरीणबाईकडं. सयाजीला कारखान्यावरनं सुट्टी नव्हती, तर आदल्या दिवशी म्हणाली व्हती, अक्कांना सोबत नेते. मग तीच म्हणाली, नको, त्यांची पात बुडंल. सयाजीनं सांगितलं मला. एकटीच गेली.

द्रौपदा : मला कुणी सांगितलं न्हाई.

हनुमंत : सांगितलं असतं तर ती रंगारीण काय दुसरं बोलली असती?


बांधावर, जेवणाच्या सुट्टीत

प्रज्ञा : अक्का, सोनीचं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही. काल मी आले तशी ठमाबाईंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मग कुणीतरी विचारलं, द्रौपदाबाई आदल्या संध्याकाळी खरंच तुझ्याकडे आल्या होत्या का गं?

द्रौपदा : मग सांगायचं की. सांगायचं, खोटं बोलती म्हणून.

प्रज्ञा : आल्या होत्या म्हणाले.

द्रौपदा : काय म्हणालीस?

प्रज्ञा : आल्या होत्या, चहा घेतला, जाताना मी शेवग्याच्या शेंगा दिल्या. ज्या घरात तुम्ही पाऊल टाकलं नाही, त्या घरात तुम्हाला चहा पाजून मोकळी झाले.

द्रौपदा : कशाला पण?

प्रज्ञा : नाही म्हणाले असते तर तो शब्द रंगारणीचा नाही, तुमचा आहे, हे उघड झालं असतं. घरातलं पातीवर कशाला?

द्रौपदा : त्यांना तसंबी कळलंय.

प्रज्ञा : कळलं असेल. पण आता कुणाला तोंड उघडता येत नाही.

द्रौपदा : तुला राग नाय आला?

प्रज्ञा : आला. रात्री जेवले नाही. यांनी विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय.

द्रौपदा : सयाजीला सांगितलं नाय?

प्रज्ञा : नाही. अक्का, तुम्हाला काय पाहिजे? मधली पात? घ्या की. मी कुठं धरून ठेवलीय?

द्रौपदा : तू दिलेली नको मला.

प्रज्ञा : मग काय?

द्रौपदा : मी सांगायची तवा बायकांचे हात चालू असायचे. मधीच एखादी हूं म्हणायची, एखादी पोराला हाका मारायची. तू सांगाय लागलीस की हात थांबत्यात. त्या दिवशी तर माझाबी थांबला. मी कडंला, तुझ्याकडं पाठ करून बसल्याली, आन् माझी पात तिथल्या तिथं. मग मान वर केली तर समद्या तुझ्या तोंडाकडं बघत्यात. ते मला बघवत नाय प्रज्ञे. पोटात काय व्हतं ते माझं मला म्हाईत.

प्रज्ञा : काल तुमच्या वेळेला थांबले म्हणे हात.

द्रौपदा : थांबले.

प्रज्ञा : बरं वाटलं?

द्रौपदा : थांबले तवा वाटलं. मग मी ते बोलले, आन् समद्या खाली बघाय लागल्या. भाकर खा. चटणी दिऊ?

प्रज्ञा : आज संध्याकाळी या.

द्रौपदा : बोलावतीस?

प्रज्ञा : तुम्हाला बोलवायला लागतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, थोरल्या आहेत, मनात येईल तेव्हा येतील. मी किती दिवस वाट बघितली, मग सोडून दिलं. आता तर बायकांना सांगून बसलेय, एकदा यावंच लागेल.


मळ्यात, लाईट आहे

प्रज्ञा : इथं बसा, भिंतीला टेकून. वारं सुटलं की चित्रात मुंग्या येतात. मग अँटिना फिरवायला लागतो.

द्रौपदा : घर चांगलं ठेवलंस. ही परात कुठं मिळाली? असली मला कुठं दिसली नाय बाजारात.

प्रज्ञा : वेगळं निघताना तुम्हीच दिलीत.

द्रौपदा : मी?

प्रज्ञा : सासूबाईंची आहे म्हणालात, नीट वापर.

द्रौपदा : घासून घासून नवी केलीस. वळखू आली नाय. लावला का टीव्ही?

प्रज्ञा : लागलाय. जाहिराती आहेत. हं, सुरू झालं.

द्रौपदा : ही कोण गं, घडा उचलतीय ती?

प्रज्ञा : सोनी.

द्रौपदा : ही?

प्रज्ञा : मोठी झाल्यावरची.

द्रौपदा : नाय. ही नसंल.

प्रज्ञा : अहो, हीच. रोज बघते मी.

द्रौपदा : हिचं तर तोंड साधंच हाय. आपल्या गावातल्या कुणाबी पोरीसारखं. आन् हसली की खाली बघती म्हणालीस, ही तर सरळ समोर बघून हसतीय.

प्रज्ञा : खाली बघायचं मी घातलं.

द्रौपदा : आन् ती कढईच्या वाफेत डोळं मिटून नुसत्या वासानं सांगती ना, रंग अजून कच्चा हाय म्हणून? कुठल्या दिवशी दाखवलं ते?

प्रज्ञा : वाफ दाखवली होती. ती तिथं नुसती उभी होती. वासाचं माझं.

द्रौपदा : आन् सोनीवर जीव असल्याला तो जाळीच्या टोपीवाला पावसात तिच्या दाराबाहेर उभा ऱ्हातो ते?

प्रज्ञा : उभा राहिला होता. पाऊस नव्हता.

द्रौपदा : मंजी तूबी.

प्रज्ञा : तुम्हीच पहिल्या वर्षी म्हणाला होतात, बघितलं तसंच सांगितलं तर गोष्ट एक पातभरसुद्धा पुरत नाही. मी तेव्हा तुमच्या शेजारच्या पातीवर होते. तुमचं गवत काढायची.

द्रौपदा : ते तुझ्या ध्यानात हाय?

प्रज्ञा : गप बसा आता. रंगारीण आली.

द्रौपदा : बघ, बघ कशी बघती सोनीच्या पाठीकडं. सोनी नुसती कापड पिळतीय, पण हिला ते पिळणंसुदिक बघवत नाय. तोंडानं चांगलं म्हणती आन् हात बघ, हात बाह्यांत लपीवलेत...

प्रज्ञा : अक्का, ते हात तिनं थंडीनं आत घेतलेत.

द्रौपदा : थंडीनं न्हाई.


मळ्यात, लाईट नाही

प्रज्ञा : गेली. नेमकी आत्ता.

द्रौपदा : तुमच्यात पण जाती मंजी.

प्रज्ञा : डीपी उडाला असेल. ते बघा, पलीकडेही अंधार झाला. थांबा, चिमणी लावते.

द्रौपदा : ऱ्हाऊ दे. बस अशीच. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

प्रज्ञा : तपासलं. यांनाही घेऊन या म्हणाल्या, पुढच्या वेळी.

द्रौपदा : मीबी येते.

प्रज्ञा : पात बुडेल तुमची.

द्रौपदा : बुडू दे.

प्रज्ञा : उद्या बायकांना काय सांगायचं? पुढचं तर दोघींनी बघितलं नाही. आणि त्या पाळण्यातल्या कापडाचं पहिलं विचारतील. राजानं तिचं ऐकलं का, म्हणून.

द्रौपदा : नाय ऐकलं. रंगारीण खोटं बोलली म्हणून सांगायचं.

प्रज्ञा : का बोलली, ते विचारतील.

द्रौपदा : जळली म्हणून बोलली.

प्रज्ञा : त्यांना कळेल, अक्का.

द्रौपदा : कळू दे.

प्रज्ञा : मी नाही सांगणार ते. माझ्या तोंडी बरं दिसणार नाही.

द्रौपदा : तुला कोण सांगाय लावतंय? तू सोनीचं सांग. कापड कसं काढलं, कसं वाळत घातलं. पाऊस घालायचा तर पाऊस घाल.

प्रज्ञा : आणि रंगारीण?

द्रौपदा : तिचं मी सांगते. तिच्या पोटात काय व्हतं ते टीव्हीवर नाय दिसायचं.