ताटली कुणाच्या फळीवर?

नाही, भिकाजीकाका, मी खाली बसणार नाही. ‘केरू, आभाराचे दोन शब्द बोल आणि आवर,’ असं तुम्ही आत्ता कानात सांगितलंत. आभार मानतो, पण आवरत नाही.

आधी रीतीप्रमाणे. समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे सरपंच भिकाजीकाका, शाल सावरत अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती, आमच्या शाळेच्या दमयंतीबाई, पालीहून आलेले पाहुणे, सतरंजीवर बसलेली आमची वाडी, आणि बाहेर पायरीवर बसलेली चिमा.

हो, तिचं नाव घेतलं. झाली कुजबुज सुरू!

मघापासून जो तो बाईंना माउली म्हणतोय. माउली? मी वाढलोय त्यांच्याकडे. पाढा चुकला तर भात मिळायचा, पण पाढा येईपर्यंत ताक नाही! हसा, बाईसुद्धा हसतायत.

माझे आईवडील गेले तेव्हा मी पहिलीत होतो. लावणीला आपण सावड करतो ना, आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या? तशी वाडीने माझी सावड लावली. आज ह्या घरी जेवायचं, उद्या त्या. उपाशी कधी राहिलो नाही, खोटं कशाला बोलू? सुंदराकाकी, तुमची कुळथाची पिठी अजून जिभेवर आहे. पण तुम्ही काय म्हणायचात? ‘त्याला काय बोलू नका गो, आयबाप नाय पोराला.’ पाटी फोडली मी, आणि मार खाल्ला तुमच्या रावजीने! बस रे रावजी, सगळ्यांना माहीत आहे ते.

म्हणजे मी रोज पाहुणा. पाहुण्याला कोण रागावतं? विहिरीवरून कळशी आण, असं कोण सांगतं? मी हळूहळू बोलणंच सोडलं. बाईंनी ते ओळखलं. एका ताटलीवर माझं नाव घालून घेतलं, आपल्या फळीवर ठेवली. म्हणाल्या, “जेवण इथेच. घासायची तूच.” मग वाडीला बोलावून कामं वाटली. सुंदराकाकींनी डोक्याला तेल घालायचं, भिकाजीकाकांनी गुरांकडे न्यायचं, आणि चुकलं तर सगळ्यांनी बोलायचं. काका, मी तुमचं वासरू भाताच्या रोपांत सोडलं तेव्हा केवढ्यांदा ओरडलात! ‘मेल्या, डोळं हायत का बटनं?’ त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मोठ्याने रडलो. आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आता चिमा. आई यंदा गणपतीत वारली. बाप गिरणीच्या संपापासून मुंबईत कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. तिची ताटली बाईंच्या फळीवर. बाई उद्या भावाकडे सांगलीला निघाल्या, आणि काल देवळात ठरलं, की चिमाला मुंबईत कुणाचं तरी मूल सांभाळायला पाठवायचं. ‘खाऊनपिऊन सुखी राहील.’ नऊ वर्षांची पोर दुसऱ्याचं मूल सांभाळणार, आणि तिला कोण सांभाळणार?

‘बाई होत्या म्हणून झालं,’ हे मला ऐकवू नका. बाईंनी फळीवर जागा दिली. तेल तुम्ही घातलंत. ओरडलात तुम्ही. मग आता हात का आखडले?

मी रत्नागिरीत तिघांत मिळून एका खोलीत राहतो, माझ्याकडे फळीच नाही. पण सावडीतला माझा वाटा सांगतो. दर शनिवारी येईन, चिमाचं गणित घेईन. चुकली तर ताक बंद.

ही तिची ताटली. बाईंकडून मागून आणली. इथे हारांशेजारी ठेवतो. ज्याच्या घरी जागा आहे त्याने आज उचलावी. उचलणाऱ्याने तिला बिचारी म्हणायचं नाही. आणि बाकीच्यांनी ‘सुटलो’ म्हणून घरी जायचं नाही, आपापलं काम सांगूनच जायचं.

बाई, आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, तरी मानतो. वडीलधाऱ्यांना उलट बोललो, त्याबद्दल मला जरूर बोला, पण शनिवारी. काका, उठू नका. पुलापाशी एस.टी.चा हॉर्न वाजला, शेवटची गाडी आहे. उत्तर मला नकोच. चिमा पायरीवर आहे, तिला द्या.

येतो.