ओट्यावरचं हॅम

सणाच्या टेबलावर हॅम असावं की नसावं, यावर तुम्ही वाद घालताय म्हणून सांगतो. भोपाळच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये आमच्या आईनं तो कधीच निकालात काढलाय.

मॅथ्यू अंकल आमचे शेजारी, बाबांच्याच खात्यात फोरमन. नाताळचं जेवण दर वर्षी त्यांच्याकडे. आई पक्की शाकाहारी, म्हणून टेबलावर पुलाव, छोले आणि केक. हॅम, म्हणजे त्यांचं सणाचं खारवलेलं डुकराचं मांस, आत ओट्यावर झाकलेलं. घरचे एकेक करून आत जायचे आणि उभ्याउभ्या खाऊन यायचे. बाबाही मधेच "जरा मदत करतो" म्हणून आत जायचे.

एका वर्षी आई पाणी आणायला आत गेली, तर मॅथ्यू आंटी भिंतीकडे तोंड करून घाईघाईनं खात होत्या. आई तशीच बाहेर आली.

"मॅथ्यू भाईसाब, सण तुमचा आणि खाणं चोरून? गणपतीत मी मोदक लपवते का? बाहर लाइए. मैं इधर बैठूँगी, वो उधर रहेगा."

अंकलनी प्लेट आणली. आंटींचे डोळे भरून आले. त्या भरात त्यांनी सवयीनं पहिला तुकडा बाबांच्या ताटात वाढला.

"लीजिए भाईसाब, आपका किनारेवाला."

बाबा केककडे बघत बसले.

आई शांतपणे म्हणाली, "आता तरी बसून खा. अकरा वर्षं उभ्यानं खाल्लंत."