खात्रीचं गाऱ्हाणं

— नाही, थांबा, आत्ता काही बोलू नका. पहिल्यांदा येणारा माणूस उंबऱ्यातच सगळं ओकतो आणि मागाहून पस्तावतो. आधी बसा. दोन नंबरच्या मशिनवर बसा, एक नंबरच्या डोक्यावरचा पंखा नुसता कुरकुरतो. आणि ते हातातलं — कागदात गुंडाळलेलं, एवढं लांब, काय ते, पडद्याचा दांडा? — ते भिंतीला टेकवून ठेवा, कोण नेत नाही. दुपारचं मालवणात कुत्रंसुद्धा फिरत नाही, मासळीवाल्या पण टोपल्या उपड्या घालून डुलक्या काढतात. म्हणून तर तुमच्यासारख्यांना मी ह्याच वेळेला घेतो. मुंबईचे ना? बघा, ओळखलं. अत्तरावरून ओळखलं. ह्या सुदेशाला वाचक वासावरून कळतो. नुसतं मेल बघायला आलेलं गिऱ्हाईक दार ढकलतानाच विचारतं, अर्ध्या तासाचे किती — आणि तुम्ही आल्यापासून भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघताय. आडवी पडलेली होडी. हो, तीच ती, ब्लॉगवरची. 'घराकडलो दिवो'वर सगळ्यात जास्त बघितलेला फोटो आहे तो. त्याच्याकडे येतो, घाई नको.

लोक विचारतात, ब्लॉगवर पैसे मिळतात ते कसे रे सुदेशा? जाहिराती लावून? अहो, जाहिरातींचं जे येतं त्यात भज्यांचं तेल सुटत नाही. पैसे देतो वाचक — आणि वाचक लेखाला देत नाही, माणसाला देतो. नातं लावावं लागतं. मी काय करतो, मोटरसायकल काढतो आणि बंद घरांकडे जातो. तुम्हा लोकांची घरं — कुलपं गंजलेली, खळ्यात कमरेएवढं गवत. मी गवत काढतो, तुळशीकडे पणती लावतो, फोटो काढतो, ब्लॉगवर टाकतो. खाली दोन ओळी मालवणीत, बस. डोंबिवलीची एक बाई, तिला आईच्या वाटणाच्या रगड्याचा फोटो घातला, तर हापिसात टेबलावर डोकं ठेवून रडली म्हणे, आणि संध्याकाळी बँकेत पैसे टाकून आली. मागितले नव्हते मी. कधीच मागत नाही. कोणाच्या म्हशीला काय झालं, कोणाचा झील दहावीला आहे, कोणाच्या आंब्याला मोहोर नाही आला — सगळं पाठ असतं माझ्याकडे, आणि प्रत्येकाला उत्तर देतो, ताप असला तरी देतो. माझी बायको उर्वशी म्हणायची, तुमका वाचक घरच्यांपेक्षा जवळचे. म्हटलं, गो बाये, वाचक पैसे तरी धाडतत. गेली ती माहेरी. जाऊ दे.

मग गाऱ्हाण्याचं सुचलं. गावापासून लांब राहिलेल्या माणसाला काय आठवतं? मासे आठवतात, ते तिकडेपण मिळतात. पण देवळात नारळ ठेवून तुमच्या नावानं कोणी देवाला हाक मारतो आणि सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो — ते खंय मिळता? मी लिहून घालायला लागलो. बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू परमुलखात पोटासाठी गेला हा, तेचा रक्षण कर. आणि खाली वाचकांची रांग — व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. दुबई, नाशिक, लालबाग. आता गाऱ्हाणं घालायचा मान माझा नाही, ते खरं. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान असतो. मानकऱ्यांचा पुतण्या आला इथं भांडायला, कॉलर धरली माझी, देवाचो बाजार मांडलंस म्हणाला. हाताशी कीबोर्ड होता, तोच घातला त्याच्या थोबाडावर. दोनदा घातला. सगळी बटणं फरशीवर — आणि वेचताना बघतो तर बटणांत एक दात. ठेवलाय मी तो, त्या डबीत, दाखवू? बरं, नको तर नको. पुन्हा आला नाही तो. माणूस तोंडानं सांगून ऐकत नाही, त्याचं तोंडच हलवावं लागतं.

तर सुरुवातीला सगळी साधी गाऱ्हाणी. मग ठाण्याचा एकजण म्हणाला, कसालला माझ्या वाटणीच्या काजूच्या बागेत चुलतभाऊ घुसलाय, धोंडू त्याचं नाव, त्याला धडा मिळू दे. घातलं. आणि काय सांगू, पंधरवड्यात धोंडूला त्याच्याच बैलानं फाडला. पोट असं — आतडी दोन्ही हातांत धरून तो चालत हायवेपर्यंत आला. वाचला म्हणा, पण आता पेज सोडून काही पचत नाही. त्यात माझा काय हात? काही नाही. बैल मारकाच होता. पण मी दोन ओळी लिहिल्या, 'देवान ऐकला' — आणि अहो, रात्रभर मशिन बंद करता येईना. रोज येणाऱ्यांच्या दसपट माणसं. प्रत्येकाचा कोणीतरी धोंडू असतोच ना गावाला. कोणाचा काका, कोणाची वहिनी. तुमचाही असणारच, त्याशिवाय काय तुम्ही आलात? गवत काढलेल्या फोटोंना मग कोण विचारतो. वाचकाला एकदा रक्ताची चव लागली की त्याला सोलकढी चालत नाही.

आणि तेव्हाच मस्कतवाला सिद्धेश आला. म्हणजे फोनवर आला, मी त्याचं तोंड अजून बघितलेलं नाही. आवाज मात्र शंभरांत ओळखीन, एवढं बोललोय आम्ही. शुक्रवारी त्याला सुट्टी, दर शुक्रवारी फोन. देवबागचा. थोरला भाऊ दत्ताराम तिथंच, खाडीच्या बाजूला घर. बाप गेल्यावर दत्तारामानं सामायिक माड विकले, त्यातून स्वतःसाठी होडी बांधली, आणि ह्याला पत्ता नाही. सिद्धेश फोनवर रडायचा, दात-ओठ खायचा. एका शुक्रवारी पिऊन म्हणाला, घाल गाऱ्हाणा, त्या होडीवर पाय ठेवायला पाय उरू नये त्याला. तस्सं घातलं मी, एक शब्द बदलला नाही. असलं व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा कधी झालं नव्हतं. सगळे तुटून पडले, कारण सगळ्यांचे माड कोणीतरी विकलेत.

आणि मग काही होईना. महिना गेला. दत्ताराम धडधाकट. वाचक रोज येऊन विचारतात — काय झाला? देव निजलो काय, सुदेशबाबा? एकानं लिहिलं, ह्याचो देव पण ह्याच्यासारखोच फटकिरो. फटकिरो म्हणजे खोटारडा. ज्यांच्या तुळशीकडे मी दिवे लावले ती माणसं, हां! माझ्या डोक्यात असं ठण ठण वाजायचं ते वाचून. नातं लावलं ना आपण, मग नात्यातल्या माणसाला तोंडघशी पाडून चालतं? आणि त्यातच सिद्धेशाचा फोन, शुक्रवार नसताना. 'भावाचो फोन इल्लो. आमचा मिटला. ता गाऱ्हाणा काढून टाक.' हसत होता. म्हटलं, काढतो उद्या.

दुसऱ्या दिवशी देवबागला गेलो. नारळी पुनव जवळ आलेली, सगळ्यांच्या होड्या वर घेतलेल्या, दर्या उघडायच्या आधीची कामं चाललेली. दत्तारामाची होडी एका अंगावर कलती, खाली लाकडी टेकू, आणि तो खाली आडवा होऊन बुडाला डांबर लावतोय. मी घराचे फोटो काढत होतो, आणि टेकू सरकला. होडी आली ती थेट मांडीवर. देवाची करणी. फोटो काढला, घातला, 'देवान दाखवल्यान' — त्या दिवसापासून ह्या खोलीतली चारही मशिनं नवी आहेत.

काय बघताय असं? पटत नाही? — बरोबर आहे तुमचं. हसू नका, नाही, हसत नाही तुम्ही, बरं. तुमच्यासारखी शिकलेली माणसं विचारतातच — देव टेकूला हात लावतो काय? नाही लावत. देवाला हात नसतात. हात कोणीतरी द्यायचे असतात. आता तुम्ही एवढं भर दुपारचं आलात म्हणजे तुम्हाला साधं गाऱ्हाणं नको, खात्रीचं हवं, हे काय मला कळत नाही? खात्रीच्याला दक्षिणा वेगळी. पण मग वाट बघावी लागत नाही. आपल्यातच ठेवा हां. मी लाथ घातली. अशी, तळव्यानं, एकच. अहो, त्याआधी त्यानं मला चहा दिला होता, आणि खालनं म्हणतो, सुदेशा, तो ब्रश सरकव वायच. सरकवला. मग म्हणतो, 'होडयेचो एक फोटो काढ आणि तेका धाड. नाव बघ काय घातलंय. बघल्यान काय येतलो तो.' मी पुढं जाऊन बघितलं, तर नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकाला, ताजा पांढरा रंग — सिद्धेश. भावाचं नाव घातलं होतं मेल्यानं. वाईट वाटलं? वाटलं ना. कोणाला वाटणार नाही? पण तिकडे ब्लॉगवर सगळे वाचक माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. सुपारी अडकित्त्यात फुटते ना, तसा आवाज आला, नुसता मोठा. आणि तो ओरडायचं सोडून काय विचारतो — 'होडयेक काय झाला काय रे?' हाड मांडीतनं बाहेर आलेलं, डांबरात रक्त, आणि ह्याला होडी. मीच हाका मारून माणसं जमवली. मीच पुढं होऊन त्याला गोव्याला इस्पितळात नेलं, वाटेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर. पाय कापला, इथपासून. आजपण मी गेलो की माझे हात धरतो, तू नसतंस तर मी मेलो असतंय म्हणतो. फोटोतलं नाव मात्र मी कापलं. नाव दिसलं असतं तर वाचक हळहळले असते. त्यांना जे हवं ते द्यायचं, नको ते कापायचं — ब्लॉग चालवायचा तर हे शिकावं लागतं.

आणि सिद्धेश? त्याचंच तर सांगतो, बघा खरं नातं कशाला म्हणतात. त्याला वाटतं त्याच्या तोंडून निघालं म्हणून झालं. माझ्या जिभेन खाल्ल्यान, माझ्या जिभेन भावाचो पाय खाल्ल्यान — फोनवर डोकं आपटून घ्यायचा, मला ऐकू यायचं. वर्ष झालं, एक शुक्रवार चुकला नाही त्याचा. त्याची बायको म्हणते, जेवण जात नाही त्याला. मी म्हटलं, अरे गाऱ्हाणं परत घेता येत नाही, पण उलटं घालता येतं. शांत करू. दर महिन्याला तो दक्षिणा धाडतो, मी करतो थोडं थोडं. आता चतुर्थीला येणार आहे. मी सांगितलंय, येताना तो सरकलेला टेकू घराकडून घेऊन ये, कशात तरी गुंडाळून, कोणाला न दाखवता, आपण तो दर्यात सोडू. म्हणजे दोष गेला. एवढं केलं की सुटेल बिचारा. म्हणजे एकदम सुटायला नको, पण थोडा सुटेल.

तर असं. आता तुमचं. अजूनही बोलू नका, बोललेलं भिंती ऐकतात. लिहा. इंग्रजी अक्षरांत लिहा, मशिन आपोआप मराठी करतं. कोणाच्या नावानं, काय व्हायला पाहिजे, सगळं. लिहा, लिहा, मी मागे उभा राहून वाचतो, चुकलं तर सांगेन. 'बा देवा म्हाराजा' — वा, सुरुवात झकास. 'आज तुझा लेकरू मस्कताहून येवन' — मस्कत? तुम्ही मुंबईचे ना? — 'येवन तुझ्याकडे उभा रवला हा. वरीसभर माका वाटला, माझ्या जिभेन माझ्या भावाचो पाय घेतल्यान. आज समाजला. जेणां टेकूक लाथ घातल्यान तो हयसरच उभो आसा. तेका' —

तेका काय?

सिद्धेश? — अरे, तू चतुर्थीक येतलंस ना. बस, बस, उठतंस कित्याक? मी आपला काय तरी बडबडलंय रे, गिऱ्हाईक म्हणान, धंद्याची बात ती, खरी नाय काय. शटर कित्याक ओढतंस? उजेड जाता. बोल रे काय तरी. शिव्या घाल, थोबाडीत मार, आवाज तरी काढ तुझो. त्या दांड्यावरचो कागद सोडू नको, सिद्धेशा, माझा ऐक, मी तेका गोव्याक न्हेलंय, माझ्या मांडयेर तेचा डोक्या होता — ठेव, तो टेकू खाली ठेव. काय व्हया तुका? ता मशिनीवरचा? पुरा करू? म्हणू मी? म्हणतंय बाबा, म्हणतंय, तू हात खाली घे, मी म्हणतंय — व्हय म्हा