डोह हलल्यानंतर

मी मूळची श्रीगोंद्याच्या जिरायती अंगाची, बघा. आमच्याकडं पाणी म्हंजे विहिरीच्या तळाला पडलेला आरशाचा तुकडा, पोहरासुद्धा पुरता बुडायचा न्हाई. नदी बघितली ती लग्न होऊन या प्रवरेच्या काठी आले तवा, आणि काय सांगू ताई तुमाला, बघायच्या आधी मी ती ऐकली. अंगाची हळद अजून ओली, पडवीत बसलेली, आणि कुठंतरी अख्खं गाव जात्यावर दळत बसल्यासारखी घरघर. सासूबाईंना विचारलं, हे काय वाजतंय? त्या म्हणाल्या, बंधाऱ्यावरनं पाणी पडतंय गं, हुईल सवय.

सवय कुठली हुतीय. पण सासूबाईंनी एक केलं, मला भ्यायची जागा दाखवली. बंधाऱ्याखाली काळा डोह हुता, काठाला उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा, पाण्यातल्या देवी. त्या म्हणाल्या, इथं पाय घालायचा न्हाई, बाकी नदी आपली. वर्षातनं एकदा आसरांना हिरव्या बांगड्या सोडायच्या, पण कोऱ्या. हातातली बांगडी दिली की त्या हातासकट माणूस मागतात. मी भ्याले, पण डोहापुरती. वरच्या अंगाला धुणं धुतलं, लेक मोठी केली. भीतीला जागा असली की माणूस तिच्या शेजारीसुद्धा संसार करतो.

मग बंधारा थकला. भिंतीला भगदाड पडलं आणि दर पावसाळ्यात पाणी आमच्या काठाची माती कातरून न्यायला लागलं. नदीचं काम करणारी माणसं आली, इंजिनेर आले. त्यांनी बंधारा उतरवला, त्या जागी मोठाले धोंडे रचून पाणी पायरी-पायरीनं खाली आणलं. मासे वर चढतील म्हणाले, आणि माणसं होडीनं खेळतील. आमच्या रानाच्या कडेचा मातीचा भराव काढला, पुराला पसरायला जागा पायजे म्हणून. मालकांनी खालचा पट्टा नदीला सोडला. ती खाणारच हाय, म्हणाले, मानानं दिलेलं बरं. उसाच्या जागी वाळुंजाची झाडं आली, लव्हाळं आलं, पाखरं आली. वाईट झालं असं म्हणत न्हाई मी. पण त्या कामात डोह बुजला. सात दगड लोकांनी हात जोडून उचलले आणि वर देवळाच्या ओट्यावर मांडले. आसरा वर, पाणी खाली. मी मालकांना विचारलं, डोह गेला कुठं? ते हसले, म्हणाले, डोह काय म्हैस हाय का, दावं तोडून जायला? पण ताई, डोह बुजला तरी त्यातलं खोल कुठंतरी गेलंच असंल की.

आणि माझी अश्विनी त्याच पाण्यावर कामाला लागली. वरच्या धरणाचं आवर्तन, म्हंजे पाळीचं पाणी, सुटलं की पुण्या-नाशकाकडचे लोक येतात, रबरी होडीत बसून त्या खळाळातनं किंचाळत खाली जातात, आणि होडीच्या मागच्या टोकाला वल्हं धरून माझी पोर. हातात काच नको असा तिथला नेम, म्हणून बांगड्या उतरवून माझ्या ओंजळीत देते. म्हणते, आई, एवढी मी काठावर ठेवली. मी त्या पदराच्या गाठीत बांधते. तिच्या हाताच्या उबेनं कोमट असतात.

मागच्या एका आवर्तनाला पाणी रोजच्यापेक्षा जड हुतं. होडी मधल्या धोंड्यावर चढली, कलली, आणि उलटली. होडीतल्या लोकांच्या लाल टोप्या एकेक वर आल्या, काठावरच्या पोरांनी दोर टाकून माणसं ओढली. अश्विनीची पिवळी टोपी दिसंना. नाकात शेवाळाचा वास, कानात तीच घरघर, लग्नातली. शेजारी जाऊबाई हुती, तिनं माझा पदर ओढला. कौसे, टाक त्या बांगड्या पाण्यात, बघत काय बसलीस. गाठीवरची माझी मूठ उघडंना. लेकीच्या हातातल्या दिल्या तर लेक दिली. माझ्या काढाव्या तर मालक जिते हायेत, कशा काढू? कोऱ्या आणाव्या तर गाव टेकाडावर. आणि टाकायच्या तरी कुठं, डोहाचा पत्ता कुणाला हाय? मी काहीच दिलं न्हाई, ताई. नुसती उभी राहिले.

तेवढ्यात खालनं मालकांची हाक आली. आमच्याच सोडलेल्या पट्ट्यात, जिथं पाणी पसरून गुडघ्याएवढं झालं हुतं, तिथं लव्हाळ्याला धरून ती उभी. टोपी गेलेली, कपाळ फुटलेलं, आणि हसत हुती. म्हणाली, आई, आपल्या रानानं धरलं मला.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या बांगड्या घेऊन मी काठाकाठानं हिंडले. कुठं सोडाव्या कळंना, तशाच परत आणल्या, फडताळात हायेत. लोक म्हणतात, नशिबाची हाय कौसल्या, नदीनं काही न घेता पोर परत दिली. मला त्याचंच तर भ्या वाटतं. काही न घेता कोण देतं?

ती अजून जाते, आणि मी अजून काठावर बसते. पाण्याला म्हणते, बाई, तुझं राहिलं असंल ते माझ्याकडं माग, तिच्याकडं नको. आणि पदरातली गाठ चाचपत ऱ्हाते. बांगड्या गार व्हायच्या आत पोर काठाला लागली, की तेवढा दिवस देवानं दिला म्हणायचं.