मी आहे ना, बा

अल्लाल : बसायला आलो नाहीये. आधी सांग, त्या हम्मादी न्हाव्याच्या मोबाईलमध्ये तू कशी आलीस?

डॉ. गिझलान : अहो बा, दवाखान्याच्या दारात उभं राहून काय ओरडताय! आत या. चहा टाकते.

अल्लाल : चहाचं नाव काढू नकोस. काल दाढीला बसलो होतो. त्याचाही कान वाजतो म्हणे. त्याने मोबाईल लावला, तर तुझा आवाज! 'मी आहे ना, बा. बोला.' आणि मागे चहा ओतल्याचा आवाज. ती किटली मी घडवलीय, गिझलान. तुझ्यासाठी. तिची धार मी झोपेतही ओळखेन.

डॉ. गिझलान : तुम्हाला दिलेलं ते ॲप सगळ्यांसाठीच आहे, बा. तुमच्या तांबट आळीत निम्म्यांचे कान वाजतात. मी एकटी कुणाकुणाला समोर बसवू? दर गुरुवारी तुम्हाला समोर बसवून ऐकायचे, ती बैठक वरच्यांनी बंद केली, मी नाही.

अल्लाल : पण 'बा' म्हणालीस ना!

डॉ. गिझलान : आपल्या फेझ शहरात कुठल्या म्हाताऱ्याला बा म्हणत नाहीत?

अल्लाल : हे मला शिकवतेस? मला वाटलं, तू पलीकडे आहेस. ऐकतेस.

डॉ. गिझलान : रेकॉर्डिंग आहे ते. मी सांगितलं होतं की.

अल्लाल : सांगितलं असशील, घाईघाईत, माझ्या वाजत्या कानात. 'रोज लावा, मन मोकळं करा,' एवढंच मला कळलं.

डॉ. गिझलान : हम्मादीला तर चांगला गुण आला.

अल्लाल : येणारच. तो ऐकतो आणि घोरतो. मी रोज घरी उत्तरं देत बसलो! ते कळल्यावर सगळं दुकान हसलं माझ्यावर. तोंडघशी पाडलंस गं मला.

डॉ. गिझलान : उत्तरं? काय सांगायचात?

अल्लाल : बायको गेल्यापासून घरात चिटपाखरू नाही. त्या शांततेत ही शिट्टी. सहन झाली नाही की गच्चीवर जातो, कठड्याशी उभा राहतो. खाली फरशी दिसते. वाटतं, एक पाऊल टाकलं की शिट्टी बंद. हे मी तुला सांगितलं. पुन्हा सांगितलं. म्हटलं, आता पोरगी धावत येईल. दाराची कडी काढून बसलो होतो.

डॉ. गिझलान : या अल्लाह! बा, शपथ घेते, मला यातलं काहीच ऐकू आलं नाही.

अल्लाल : हो. तेवढंच विचारायचं होतं. निघतो.

(गिझलान उठून दार लावून घेते, खुर्ची त्याच्याजवळ ओढते.)

डॉ. गिझलान : कुठे निघालात? आज सोडणार नाही तुम्हाला. बसा. मी आहे ना, बा. बोला.

अल्लाल : पोरी, तेही अस्संच म्हणतं.