गायकवाड बाईंची नववी

फादर, संस्थेचे सभासद, पालक, माझे सहकारी आणि मुलांनो,

मागची मुलं खाली बसा. बसा रे. बाई असत्या तर त्यांनी आधी तुम्हालाच बसवलं असतं.

मला नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही. इतकी वर्षं या शाळेत विज्ञान शिकवते, पण असं माईकवर बोलायची वेळ कधी आली नव्हती.

मघापासून सगळे सांगताहेत, आपल्या मुख्याध्यापिका गायकवाड बाई निर्भय होत्या. माफ करा, पण नव्हत्या. मी त्यांच्या शेजारी बसायचे. मला माहीत आहे.

आपल्या शाळेची मूल्यं दारातल्या फळ्यावर लिहिली आहेत. सेवा, सत्य, प्रेम. छान आहेत. पण बाईंच्या लेखी शाळेचं ध्येय एकच. नववीतून कुणालाही काढायचं नाही. आजूबाजूला काय चालतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. नववीत पोर कच्चं दिसलं की पालकांना बोलवायचं, गोड बोलायचं, दाखला हातात द्यायचा. "दहावीला बाहेरून बसवा." मग शाळेचा निकाल शंभर टक्के. मग चौकात फ्लेक्स.

बाई म्हणायच्या, "प्रभूच्या नावानं शाळा काढायची आणि ज्याला गरज आहे त्यालाच दार दाखवायचं? मग सकाळची प्रार्थना कशाला म्हणायची?"

ती प्रार्थना! मी कुलकर्ण्यांची सून. नवीन आले तेव्हा ख्रिस्ती प्रार्थनेला बिचकतच उभी राहायचे. तर बाई प्रार्थनेत गैरहजर मुलांची नावं घेत होत्या. एकेक नाव, सावकाश. आणि शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "चला कुलकर्णी बाई. देवाला सांगून झालं, आता आपण जाऊन बघू." काळेवाडीच्या गल्ल्यांतून आम्ही ती घरं शोधत हिंडलो.

गेल्या वर्षी संस्थेची बैठक झाली. अध्यक्ष सर, तुम्ही समोर आहात. तुमचा हेतू वाईट नव्हता. तुम्ही म्हणालात, "निकाल घसरला तर प्रवेश कमी होतील, तुकडी तुटेल, शिक्षक अतिरिक्त ठरतील. शाळाच राहिली नाही तर सेवा कुणाची करणार?"

बाई म्हणाल्या, "पोरं काढणार नाही." एवढंच.

टेबलाखाली त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, सर. गार पडला होता त्यांचा हात. बाहेर आल्यावर जिन्यातच बसल्या. म्हणाल्या, "भीती वाटते हो. उद्या कुणाची नोकरी गेली तर काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, मग हो म्हणायचं होतं. तर म्हणाल्या, "मी घाबरले म्हणून पोरं काढू?"

आता बाई नाहीत. सोमवारपासून त्या खुर्चीत मला बसायचं आहे.

बाईंना माती देऊन निघालो, तेव्हा दफनभूमीच्या फाटकापाशी नववीतल्या साक्षीची आई भेटली. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट अर्धी टाकून आली होती, अंगावर कंपनीचाच ड्रेस. डोळे पुसत म्हणाली, "बाई तर गेल्या. आता माज्या पोरीला काडनार न्हाई ना?"

मी म्हटलं, "बघू."

ती नुसती मान हलवून गेली. "नाही काढणार" एवढंही मला म्हणता आलं नाही.

कशाची भीती वाटते मला? निकालाची वाटते. जाधव सर, शेख बाई, तुमची नोकरी माझ्या एका शब्दानं जाईल, याची वाटते. आणि सगळ्यात जास्त याची, की काही वर्षांनी शाळा बाहेरून अशीच दिसेल. फळा असेल, क्रूस असेल, प्रार्थना असेल. फक्त नववीतली चार पोरं दर वर्षी गुपचूप कमी होतील, आणि आपल्याला त्याची सवय होईल. सवय लागते हो. फार लवकर लागते.

साक्षीच्या आई, तुम्ही तिथं खांबापाशी उभ्या आहात. सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे उद्या मला मागं फिरता येणार नाही. साक्षी दहावीला आपल्याच शाळेतून बसेल. तिच्या वर्गातलं प्रत्येक पोर बसेल. अध्यक्ष सर, तुम्हाला राग येईल. येऊ दे. जाधव सर, शेख बाई, मला एकटीला सोडू नका.

हे बोलल्यानं भीती गेली, असं नाही. वाढलीच आहे.

उभे राहू या आता, बाईंसाठी. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.