रिकामे ट्रे सगळ्या रांगांना पुरले

आदरणीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय त्या आमच्या मॅडम, त्यांच्या घरची मंडळी, तलावावरच्या मासे-अभ्यास केंद्रातले सगळे, नाववाले, जाळेवाले आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले सगळे, तुम्हाला माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय का? नाही म्हणताय? म्हणजे येतंय.

मला भाषण करता येत नाही. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की माझी दातखीळ बसायची. आठवीनंतर शाळाच सुटली, तेव्हा मला वाटलं, चला, ही एक कटकट गेली. पण मॅडम म्हणाल्या, "ए बोलके, तू बोलायचं." मी तोंडातून शब्द काढत नाही म्हणून त्या मला बोलकी म्हणतात. मी म्हटलं, "मॅडम, मी काय बोलू? मोठी माणसं आहेत की." तर म्हणाल्या, "मोठी माणसं माझ्याबद्दल बोलतील. तू टेबलाबद्दल बोल."

म्हणून मी टेबलाबद्दल बोलते.

खाली मासे निवडायची खोली आहे, तिथलं ते लांब टेबल. तलावात जाळं लावायचं ते तेच, जागा तीच, जुन्या धक्क्यापाशी, आणि ओढायची पद्धत पण तीच. यात मॅडमनी एकदाही सूट दिली नाही. माझे काका नाव चालवतात. ते एकदा म्हणाले, "बाई, जरा पलीकडे लावू, तिकडे मासा जास्त आहे." मॅडम म्हणाल्या, "मला मासा नकोय, मला खरं काय ते हवंय." काका घरी येऊन म्हणाले, ही बाई काही आपल्याला जेवू घालत नाही. काका, हसू नका, तुम्ही म्हणाला होतात.

तर जाळं आलं की मासे टेबलावर निवडायचे. प्रत्येक जातीला एक पांढरा ट्रे. शास्त्रातली नावं लांबलचक, ती मॅडमना पाठ. आम्ही आपली नावं ठेवलेली. सुई, मिशाळ, पट्टेवाली, खडकचाट्या. नाव ट्रेच्या तळाला बाहेरून रंगाने लिहायचं, कारण कडेला लिहिलं की खवल्यांनी घासून जातं. आणि कुठला ट्रे कुठे, हे ठरलेलं. वाचायची गरजच पडत नाही, हात आपोआप जातो.

मी पहिल्या दिवशी काम झाल्यावर मासे पडलेले ट्रे धुतले आणि ओढणीला हात पुसला. मॅडम म्हणाल्या, "आणि हे?"

"ते रिकामेच होते, मॅडम. स्वच्छ आहेत."

"ते पण धू."

"कोणासाठी?"

"येईल त्याच्यासाठी."

मला वाटलं, बाईंचं डोकं जरा हे आहे. पण धुतले. पुढच्या वेळी मांडले. त्यांत पडायचे ते मासे नाही आले. परत धुतले, परत मांडले. असं चालूच राहिलं. तुम्ही कधी जेवायला न येणाऱ्या माणसाचं ताट रोज मांडलंय का? पहिले काही दिवस आपण दाराकडे बघतो. नंतर बघत नाही. मॅडम मात्र प्रत्येक वेळी बघायच्या. टेबलावरच्या त्या रिकाम्या ट्रेंपाशी जाऊन उभ्या राहायच्या.

मग ठोकळा आला, आमच्या तलावात कधी नसलेला मासा. कुणी आणून सोडला, माहीत नाही. आडवा, टणक, कशातही तगतो. आधी त्याला एक ट्रे पुरला, मग दोन, आता पिंप लागतं. मघाशी अध्यक्ष साहेब म्हणाले की यंदा जाळ्यात आजवरचं सगळ्यात जास्त वजन आलं. टाळ्या पण झाल्या. ते खरं आहे, मी स्वतः पिंपं उचललीत. तलावात मासा कमी झालेला नाही. मी मॅडमना तेच म्हटलं, मग चांगलंच आहे की. त्या म्हणाल्या, "अगं, गावात माणसं तेवढीच आहेत, पण सगळी एकाच तोंडवळ्याची. तुला चांगलं वाटेल? उद्या एकाला जे दुखणं होईल, ते सगळ्यांना होणार."

हे त्या सहज म्हणाल्या होत्या. पण मागच्या खेपेला एका ठोकळ्याच्या कल्ल्यापाशी पांढरा डाग होता. कापसासारखा. मग शेजारच्याला दिसला. मग आम्ही पिंप ओतलं आणि निवडतच राहिलो, आणि मॅडमनी हातातला चिमटा खाली ठेवला. त्यांनी चिमटा खाली ठेवलेला मी कधी बघितला नव्हता.

साहेब म्हणाले, यापुढे काम सोपं करू, निवडत बसायला नको, एकदम वजन करायचं. साहेब, तुम्ही आमच्या भल्याचंच बोललात, पाठ मोडते हे खरंय. पण वजनकाट्याला पांढरा डाग दिसत नाही हो. आणि जो मासा आलाच नाही, त्याचं वजन कसं करणार?

आता एक सांगते, रागावू नका. काल हॉल लावणाऱ्या ताईंनी विचारलं, बिस्किटं फिरवायला काही आहे का? काका म्हणाले, "ट्रे भरपूर आहेत, रिकामेच पडलेत." आणि घेऊन आले. काकांचं काही चुकलं नाही, रिकामेच होते. मला आत्ता खुर्चीवर बसल्यावर कळलं, ट्रे माझ्यापर्यंत आला तेव्हा.

अहो, घाबरू नका, खा तुम्ही. मासळीचा वास येणार नाही. त्यात यंदा मासाच पडलेला नाही.

मागे एकदा इथेच कार्यक्रम झाला होता. तेव्हाही काकांनी असेच ट्रे आणलेले, पण रिकामे होते ते तीनच. बाकीच्या रांगांसाठी शेजारून ताटं मागून आणावी लागली होती, आठवतंय ना ताई? यंदा मागावी लागली नाहीत. हॉल केवढा मोठा आहे बघा, आणि सगळ्या रांगांना पुरले. व्यासपीठाला पण एक उरला.

अध्यक्ष साहेब, तुमच्यासमोरचा जरा उलटा करता का? बिस्किटं आधी रुमालावर काढून घ्या. काय लिहिलंय तळाला? माइकमध्ये वाचता?

हो. आरसा. चपटा, चकचकीत असायचा. काका म्हणायचे, यात बघून भांग पाडता येईल. गेल्या हंगामात एकच आला होता. यंदा त्याचा ट्रे मी मांडला, धुतला, मांडला, धुतला.

मॅडम, तुम्ही उठू नका. मी घेते तो.

उद्या सकाळी जाळं लागणार आहे. मॅडम नसतील. साहेब, मला एवढंच विचारायचं होतं. टेबल पूर्वीसारखंच मांडू ना?

तुम्ही मान हलवलीत, पण कुठल्या बाजूला ते मला इथून नीट कळलं नाही. असू दे. कळेपर्यंत मी मांडते.

मॅडम, तुम्ही मला निवडायला शिकवलंत, त्याबद्दल तुमचे आभार. मला इथे उभं केलंत, त्याबद्दल नंतर भांडणार आहे. सगळ्यांनी माझं ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, कुणाला लागलं असेल, तर पोरगी म्हणून पोटात घाला.

आणि जाताना ट्रे खुर्चीखाली सोडू नका. मी दाराशी उभी राहते, माझ्या हातात द्या. पुसू नका, मी धुणार आहे. फक्त देताना एकदा उलटा करून नाव वाचा, म्हणजे तुमच्या रांगेत कोण आलं नव्हतं, ते तुम्हाला कळेल.